ॲडम बीड: हेटी लाजली तेही त्याला कळलं नाही, डायना लाजली तेही नाही

कूलरसमोर:
पहिलेच सांगून टाकतो, हा बीड मराठवाड्यातला नाही. ॲडम बीड, जॉर्ज इलियटची कादंबरी, १८५९ ची. आणि जॉर्ज म्हणजे बाई बरं का, खरं नाव मेरी ॲन इव्हान्स. एम.ए.ला होतो तेव्हा नागपूरच्या सीताबर्डीच्या फुटपाथवरून घेतलेल्या गाईडावर हा पेपर काढला होता, मूळ पुस्तकाला हात लावला नव्हता (आमचे सर वाचत असतील तर माफी). आता या मे महिन्यात ४५ डिग्रीत दुपारी बाहेर पडायची सोय नाही म्हणून गुटेनबर्ग या पुस्तकांच्या साइटवरून फुकट उतरवली आणि कूलरसमोर मानेवर ओला दुपट्टा टाकून मोबाईलवर वाचून काढली, अठरा दिवस लागले.

ज्यांनी वाचली नाही त्यांच्यासाठी. १७९९ साल, इंग्लंडमधलं हेस्लोप नावाचं खेडं. ॲडम सव्वीस वर्षांचा सुतार, अंगानं दांडगा, कामाला चोख, स्वभावानं जरा कडक. त्याला आवडते हेटी सॉरेल, सतरा वर्षांची, पॉयझर लोकांच्या शेतावर राहते, लोणी काढते, आणि दिसायला अशी की म्हातारेकोतारेही बघत राहतात. हेटीचा जीव मात्र जमीनदाराच्या नातवावर, आर्थरवर, तो कॅप्टन आहे, तिला कानातले आणून देतो. त्याच घरात अधूनमधून राहायला येते डायना मॉरिस, एरवी सूतगिरणीत काम करते, मेथडिस्ट या ख्रिस्ती पंथाची आहे, गावच्या मैदानात गाडीवर उभी राहून प्रवचन करते. तिच्यावर ॲडमच्या धाकट्या भावाचं, सेथचं मन, आणि ती त्याला नाही म्हणते. शेवटी ॲडमचं लग्न होतं डायनाशी. गाईडात याचा एक तक्ता होता, डावीकडे हेटी म्हणजे रूप, उजवीकडे डायना म्हणजे आत्मा, मधे ॲडम चुकून शिकतो. आठ मार्क.

वाचल्यावर वाटलं तो तक्ता फाडून टाकावा. कारण लेखिकेनं दोघींना लाजवलंय, आणि ॲडमनं एकदा चुकीचं वाचलं आणि एकदा वाचलंच नाही.

अकरावं प्रकरण बघा. बाप ओढ्यात बुडून मेलाय, आईला धीर द्यायला डायना रात्री मुक्कामाला थांबलीय. पहाटे सुतारखान्यात ॲडमला स्वयंपाकघरातून झाडूचा आवाज येतो आणि हा गडी फळीला टेकून उभ्या उभ्या कल्पना करतो की हेटी आली असेल! जाऊन पाहतो तर डायना. तो टक लावून बघतो, आणि या बाईला, जी शेकडो लोकांसमोर न अडखळता बोलते, तिला आयुष्यात पहिल्यांदा अवघडल्यासारखं होतं, चेहऱ्यावर लाली येते, आणि का येतेय हे तिचं तिलाच कळत नाही म्हणून आणखी वाढते. ॲडमला लाली दिसते. म्हणजे डोळ्यांना दिसते. पुढे काही नाही, विषय संपला.

आता विसावं प्रकरण. हेटी बागेत करंट तोडतेय, आपल्या करवंदासारखी लहान फळं पण गुच्छ लालभडक. ॲडम जवळ येतो, ती दचकते, हातातलं भांडं पडतं, आधी पांढरी पडते आणि मग लालेलाल. आणि याचं काळीज उड्या मारायला लागतं, की आजवर ही मला पाहून अशी कधी लाजली नव्हती! ती आर्थरच्या विचारात होती हो. दुसऱ्याच्या नावाची लाली यानं आपल्या खात्यात जमा करून घेतली, आणि पुढचं अर्ध पुस्तक त्या एका लालीच्या भरवशावर चालतं.

तर माझा प्रश्न हेटी बरी की डायना बरी हा नाहीच. ॲडमला या दोघींपैकी एक तरी दिसली होती का?

तर्रीवाला:
अबे पण सरळ आहे न भाऊ. सव्वीस वर्साचा पोट्टा, समोर सतरा वर्साची सुंदर पोट्टी लोणी काढून राहिली, तो कायले प्रवचनवालीकडे पायते? तू काय सोळाव्या वर्षी कीर्तनात बसलेलीकडे पाहून राहिला होता काय? बाप्पा, एवढं लिवलं तू. मी पुस्तक नाई वाचलं पण तुझा धागा वाचून टाकला.

कूलरसमोर:
कीर्तनात बसलेलीकडेच पाहत होतो, प्रसाद वाटायची ती. ते जाऊ दे.

रंधा_पटाशी:
मी वाचलीय, अर्धी इंग्रजीतून अर्धी सारांशावरून, आणि वाचायचं कारण एकच, पहिलं प्रकरण सुतारखान्यात आहे. आमच्या बाबांचं दुकान महाल भागात, चाळीस वर्षं झाली, मी स्वतः बँकेत लागलो पण लाकडाचा भुसा नाकात गेला की अजूनही घरी आल्यासारखं वाटते. पहिल्याच प्रकरणात सेथ एक दार तयार करतो, झालं म्हणून सांगतो, आणि त्याला पॅनलच बसवलेले नसतात! सगळे कारागीर खो खो हसतात. का विसरला, तर डोक्यात डायना. हे मी बाबांना सांगितलं तर ते म्हणाले असा एक आपल्याकडेही होता, टेबलाला तीनच पाय लावून बसला होता, साखरपुडा झाला होता त्याचा.

ॲडमचं असं होत नाही. हेटीवर एवढा जीव, पण त्याचा रंधा कधी चुकत नाही. सहाचा टोला पडला की अर्ध्या हातातली हत्यारं टाकणाऱ्यांवर तो चिडतो, बाबाही चिडायचे. बाबा बल्लारशाच्या सागवानाची फळी बोटाच्या पेरानं ठोकून सांगतात आत कीड आहे का नाही, आणि माणसांच्या बाबतीत त्यांना तीन भागीदारांनी फसवलं. तिन्ही वेळा चेहरा पाहून विश्वास टाकला. ॲडम मला तसाच वाटला. पंधराव्या प्रकरणात लेखिका स्वतः थांबून म्हणते न, की लांब काळ्या पापण्या दिसल्या की मागे मोठं मन असेल असं मलाही वाटतंच, कितीदा उलटा अनुभव आला तरी. म्हणजे ती ॲडमला हसत नाहीये, स्वतःलाही त्याच फळीवर बसवतेय.

गौळाऊ:
मी मूळची आर्वीकडची, म्हणून हे नाव, आमच्याकडे गौळाऊ गाई होत्या. लोण्यावर कुणीतरी बोलायलाच पाहिजे म्हणून आले. आर्थर डेअरीत येतो तेव्हा हेटी लोणी थापत असते, आणि ती मुद्दाम छान थापते, कुणीतरी बघतंय हे तिच्या हाताला कळतं. आमच्या आजीनं रवी फिरवून लोणी काढलं की गोळा हातात घेऊन थपथप करून पाणी काढायची, तेव्हा मनगट असं वळतं की कुणीही बाई सुंदरच दिसते, आजी सत्तर वर्षांची होती तरी. हे लेखिकेनं बरोब्बर पकडलंय. घरच्यांना ते रोजचं काम, बघणाऱ्याला नाच.

पण मला दुसरंच सांगायचं आहे. इंग्रजीत दोघीही मिसेस पॉयझरच्या नीस, आणि तीही दोघींची आंट. मराठीत मांडून बघा. हेटी ही मिस्टर पॉयझरच्या बहिणीची मुलगी, म्हणजे हेटीची ती मामी. डायना मिसेस पॉयझरच्या स्वतःच्या बहिणीची, म्हणजे डायनाची ती मावशी! एका घरात एक पोर मामीकडे आणि एक मावशीकडे. यावर आणखी काही बोलायला पाहिजे का? मावशी डायनाला टाकून बोलते, तुझं ते प्रवचन सोड, इथेच राहा, पण बोलण्यात ओढ आहे. मामी हेटीला बोलते ते कामावरून. मामी दुष्ट नाही हो, खाऊपिऊ घालते, काम शिकवते, पण तिनं ओळखलेलं असतं की या मुलीचं काळीज गारगोटीसारखं आहे, आणि ओळखून ती तिथेच थांबते. अनाथ पोर, मामाच्या शेतावर, आरशात पाहण्याशिवाय तिला स्वतःचं असं काय होतं?

कूलरसमोर:
हे मामी-मावशी मी तीनदा वाचलं. कमाल आहे ताई. अख्खं पुस्तक वाचताना डोक्यात "काकू" धरून बसलो होतो.

सीताबर्डी_पोट्टी:
सॉरी पण मला हेटीला "आरशात बघणारी" म्हणून कोपऱ्यात टाकणं पटत नाही. ते दोन खोल्यांचं प्रकरण (पंधरावंच) सगळे डायनाच्या बाजूनं वाचतात. एका खोलीत हेटी, डागाळलेला जुना आरसा, चोरून आणलेल्या मेणबत्त्या, खांद्यावर शाल, कानात डूल, स्वतःला कॅप्टनची बायको समजून चालून बघतेय. पलीकडच्या खोलीत डायना खिडकीशी बसून बाहेरची शेतं बघतेय आणि जगाची काळजी करतेय. ठीक. पण सतरा वर्षांच्या मुलीनं रात्री आरशासमोर नटून बघू नये तर काय करावं? मी बारावीत असताना आईची पैठणी नेसून कपाटाच्या आरशासमोर हेच करत होते, आणि शेजारच्या खोलीत माझी ताई यूपीएससीचा अभ्यास करत होती. आमच्यात कुणी संत नव्हतं आणि कुणी वाया गेलेलं नव्हतं.

कानातल्यांचंही बघा. दुसऱ्याच प्रकरणात डायनाचं प्रवचन ऐकून लोहाराची बेसी कानातले ओरबाडून फेकते आणि रडते. पुढे आर्थर हेटीला कानातलेच देतो. म्हणजे लेखिकेनं सापळा आधीच लावून ठेवलाय, कानातले घातले की मुलगी गेली. डायना मला मान्य आहे, मोठी आहे, पण ॲडमला शेवटी बक्षीस म्हणून मिळते हे खटकतं. पहिली मोडली, दुसरी घ्या.

निवृत्त_मास्तर:
बक्षिसाबद्दल थोडं. लेखिकेनं स्वतः लिहून ठेवलं आहे की ॲडम आणि डायनाचं लग्न व्हावं ही कल्पना तिची नव्हती, तिचा जोडीदार जॉर्ज हेन्री लुईस यानं सुचवली. पहिली तीन प्रकरणं ऐकून त्याला वाटलं की वाचकांना डायनाच जास्त आवडणार. तिनं ती सूचना घेतली आणि मग तिसऱ्या प्रकरणापासूनच त्या शेवटाकडे नजर ठेवून लिहिलं. त्यामुळे ती अकराव्या प्रकरणातली लाली, जी धाग्याच्या मालकांनी शोधली, ती आपोआप पडलेली नाही. पेरलेली आहे.

दुसरं, या गोष्टीचं मूळ. लेखिकेची एक चुलती, एलिझाबेथ इव्हान्स, खरोखरची मेथडिस्ट प्रवचनकार होती. नॉटिंगहॅमला १८०२ मध्ये मेरी व्होस नावाच्या बाईला स्वतःचं मूल मारल्याबद्दल फाशी झाली, तिच्यासोबत ही चुलती रात्रभर तुरुंगात थांबली होती आणि गाडीतून फाशीच्या जागेपर्यंत गेली होती. ते तिनं भाचीला सांगितलं. (पुतणी म्हणायला पाहिजे, आता या धाग्यावर नाती जपून लिहावी लागतील.) लेखिकेचे वडील रॉबर्ट इव्हान्स हे सुरुवातीला सुतार. म्हणजे तुरुंगातल्या त्या दोघी आधी आल्या आणि ॲडम नंतर. दोघींमध्ये निवड करायला नायक आणलेला नाही, दोघी आधीच एका कोठडीत बसलेल्या होत्या.

तर्रीवाला:
म्हणजे ते हेटीले फाशी झाली? अरे बापरे, मले वाटलं लव्ह ट्रँगल आहे.

निवृत्त_मास्तर:
पुस्तकात नाही. ॲडमशी लग्न ठरलेलं असताना हेटीला आर्थरपासून मूल होतं, ते मेलेलं सापडतं, तिला फाशीची शिक्षा होते, पण आर्थर घोडा फेकत माफीचा कागद घेऊन अगदी वेळेवर पोचतो, फाशीच्या जागी काळं पाणी होतं, म्हणजे सागरापार पाठवतात. खऱ्या बाईला झाली.

वकीलीणबाई:
कोर्टातून आत्ता आले, जेवण व्हायचंय, पण हा भाग सोडवत नाही. हेटीचा खटला १८०० च्या मार्चमधला आहे. तेव्हा इंग्लंडमध्ये १६२४ चा एक कायदा लागू होता, लग्न न झालेल्या बाईनं मूल झाल्याचं लपवलं आणि मूल मेलेलं सापडलं तर तिनं ते मारलंच असं धरायचं, मूल जन्मतःच मेलेलं होतं हे तिनं साक्षीदार आणून सिद्ध करायचं. एकटी बाळंत झालेली पोर साक्षीदार कुठून आणेल? १८०३ मध्ये तो रद्द झाला. आपल्याकडे भारतीय दंड संहितेत ३१८ कलम होतं, आता न्याय संहितेत ९४, मूल जन्मल्याचं लपवण्यासाठी प्रेताची गुपचूप विल्हेवाट, दोन वर्षांपर्यंत शिक्षा. मूल टाकून देणं वेगळं, आधी ३१७ आता ९३, सात वर्षांपर्यंत. आणि या कलमांखाली आजही जी पोर समोर उभी असते तिचं वय साधारण हेटीएवढंच असतं. अशी एक मी वकिलीच्या सुरुवातीला बघितली होती, कोर्टात एक शब्द बोलली नाही, फक्त ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती. हेटी कोर्टात अशीच गप्प आहे. सगळ्यांना तो कठोरपणा वाटतो.

मग कोठडीत डायना येते. ४५ वं प्रकरण कुणी घाईत वाचू नका. डायना उपदेश करत नाही आधी, नुसती मिठी मारून बसते, अंधार पडेपर्यंत. आणि हेटी बोलायला लागल्यावर काय सांगते, तर जंगलात झाडाखालच्या खड्ड्यात बाळ ठेवलं, गवत आणि ढलप्यांनी झाकलं, चालायला लागले पण रडणं ऐकू येत राहिलं, म्हणून परत गेले. आणि शेवटी विचारते की आता सगळं सांगितलं तर देव ते रडणं बंद करेल का. ढलप्या हा शब्द मी मुद्दाम लिहिलाय, रंधा_पटाशी दादा. सुताराच्या होणाऱ्या बायकोनं बाळ लाकडाच्या ढलप्यांनी झाकलं.

रंधा_पटाशी:
ताई हे वाचून उठून गॅलरीत जाऊन आलो.

सीताबर्डी_पोट्टी:
आणि त्याआधीचं? आर्थरला शोधत ती विंडसरपर्यंत जाते, पोट घेऊन, फेब्रुवारीच्या थंडीत, तिथे कळतं की पलटण आयर्लंडला गेली. परत फिरते, तळ्यात उडी मारायला जाते, काठावर बसते, उडी मारवत नाही. मग मेंढ्यांच्या एका झोपड्यात शिरते आणि जिवंत आहे या आनंदात स्वतःच्याच दंडांचे मुके घेते. मला सांगा हे "रूप विरुद्ध आत्मा" मध्ये कुठे बसवायचं? पूर्ण पुस्तकात ज्या हातांचं कौतुक दुसरे करत होते तेच हात ती पहिल्यांदा स्वतःसाठी धरते. तिथे मी हेटीच्या पार्टीत गेले ती कायमची.

खंजिरी:
मी फक्त डायनासाठी लॉगिन केलं. पासवर्ड विसरले होते, त्यात अर्धा तास गेला.

माझी मोठी आत्या तुकडोजी महाराजांच्या भजनांच्या मंडळात होती, मोझरीला पायी जायची, खंजिरी अशी वाजवायची की माइक नसला तरी मागच्या रांगेला ऐकू यायचं. ग्रामगीतेच्या ओव्या पाठ, गावोगावी बाया तिला बोलावून न्यायच्या. लग्न झालं ते चांगल्या घरात, आतोबा सज्जन, कुणी कधी "बंद कर" म्हटलं नाही. खंजिरी माळ्यावर गेली, बस. मी लहानपणी विचारलं तर म्हणायची अगं वेळच मिळत नाही. तिला मी कधी दुःखी पाहिली नाही, म्हणूनच मला ते जास्त लागतं.

डायनाचं शेवटी हेच आहे. उपसंहारात १८०७ साल येतं, दोन मुलं, आणि मेथडिस्टांच्या मंडळानं बायकांना प्रवचन करायला मनाई केलेली. (हे खरं घडलेलं आहे, १८०३ चा ठराव.) डायना ते मानून गप्प बसते. ॲडम म्हणतो बरोबर केलं, सेथ म्हणतो आपण तो पंथ सोडून बायकांना बोलू देणाऱ्या पंथात जायला पाहिजे होतं. सेथ! ज्याला तिनं नाही म्हटलं त्याला तिचा आवाज हवा होता, आणि ज्याला हो म्हटलं त्याला ती घरात चालत होती. ॲडम वाईट आहे असं नाही, आतोबांसारखाच. पण विचारलं होतं न तुम्ही ॲडमला कुणी दिसली का म्हणून? दिसली पण अर्धी.

कूलरसमोर:
इथे थोडं भांडतो. ॲडमला अर्धी दिसली म्हणता, मग ती टेकडी? तो लग्नाचं विचारतो तेव्हा डायना लगेच हो म्हणत नाही, मला तू हवास पण माझं काम सुटेल, देवाचं काय म्हणणं आहे ते मला बघू दे, आणि स्नोफील्डला आपल्या गिरणीत परत जाते. तो आठवडेच्या आठवडे वाट बघतो आणि शेवटी न राहवून रविवारी निघतो, टेकडीवर तिची वाट बघत उभा राहतो, ती प्रवचन करून परत येतेय. पाठीमागून हाक मारतो, डायना. ती दचकते पण वळत नाही, कारण हा आवाज तिला मनातल्या मनात इतक्यांदा ऐकू आलाय की खरा आला तरी तिला वाटतं आतलाच आहे. दुसऱ्यांदा हाक मारल्यावर वळते. हे वाचून माझ्या अंगावर काटा आला, कूलर बंद होता तरी.

हेटीला त्यानं हाक मारली ती नेहमी तिच्या चेहऱ्याकडे बघून. डायनाला पहिल्यांदा पाठीमागून.

सीताबर्डी_पोट्टी:
छान आहे पण तिथपर्यंत पोचायला आई लागली न त्याला. लिस्बेथ रविवारी सकाळी त्याच्याजवळ बसते, तो चित्रांचं बायबल चाळतोय, थडग्याजवळ बसलेल्या देवदूताचं चित्र येतं आणि म्हातारी म्हणते ही डायनाच आहे, आणि ती तुझ्यावर जीव टाकते, तुला दिसत नाही का. हाच गडी दोन वर्षांपूर्वी लाली बघून बसला होता! सासू होणाऱ्या बाईनं सून शोधून दिली, अरेंज्ड मॅरेजच आहे ते.

तर्रीवाला:
हाव, हे पटलं. आमच्या आईनंबी मले असंच सांगतलं होतं, मी म्हटलं कोण, ते? मंग झालं लग्न. आता सोळा वर्सं झाले. ते बायबलच्या जागी आमच्याकडे कॅलेंडर होतं.

गौळाऊ:
अजून एक आठवलं, हसायचं. हेटी एकदा डायनासारखी नटते! ॲडमनंच आधी बागेत म्हटलेलं असतं, साध्या टोपीत बाईचा चेहरा चांगला दिसतो, डायनाचा बघ. हेटीला ते झोंबतं. मग मामीचा काळा झगा डायनासारखा गळ्याशी आवळून आणि डायनाची टोपी घालून ती जिना उतरते, आणि मामीच्या हातातला जग खळकन खाली. आणि गंमत अशी की मामी नुकतीच त्या मोलकरीण मॉलीला भांडं फोडलं म्हणून झापून झालेली असते. सगळे हसतात. पण पुढे काय होणार हे माहीत असलं की दुसऱ्यांदा वाचताना हसू येत नाही, ती टोपी घालून जिन्यावरून येतेय आणि घरात कुणालाच कळत नाहीये की या मुलीचं काय चाललंय. ॲडमला तर त्या दिवशी एकाच अंगात दोघी बघायला मिळाल्या.

मामीच्या तोंडाबद्दल वेगळा धागा काढा कुणीतरी. बाया मूर्ख असतात हे मी नाकारत नाही, देवानं त्या पुरुषांच्या जोडीला शोभतील अशाच बनवल्या, असं म्हणते ती. आमची आजी तिची बहीण शोभली असती.

वकीलीणबाई:
जाता जाता एक. फाशीच्या सकाळी ॲडम कोठडीत जातो, तिथे हेटी आणि डायना दोघी आहेत. हेटी त्याची माफी मागते, आणि मी इतकी वाईट वागले तरी पुन्हा एकदा मुका घेशील का असं विचारते. तो घेतो. डायना बाजूलाच उभी आहे, हेटीचा हात धरून. पुस्तकात हे तिघं इतके जवळ कधी आलेच नाहीत. ॲडमला कुणी दिसली का, तर मी म्हणेन त्या पाच मिनिटांत दिसली, हेटीच.

निवृत्त_मास्तर:
यावर मला काही जोडायचं नाही. एवढंच की उपसंहारात मुलीचं नाव लिस्बेथ आहे आणि मुलाचं ॲडम.

खंजिरी:
हो. हेटी नाही.

रंधा_पटाशी:
काल रविवार होता, दुपारी लाइट गेली होती. बाबा दुकानाच्या दारात खुर्ची टाकून बसले होते, मी त्यांना पूर्ण गोष्ट सांगितली, मराठीत, माझ्या पद्धतीनं. बापानं घेतलेलं शवपेटीचं काम तो दारू प्यायला गेला म्हणून ॲडम रात्रभर जागून पूर्ण करतो तिथे त्यांनी मान हलवली. विचारलं, सकाळी नेली कशी? म्हटलं दोघं भाऊ खांद्यावर घेऊन गेले, दुसऱ्या गावी, ब्रॉक्सटनला. अन् येताना? म्हटलं येताना ओढ्यात बाप सापडला. मग बराच वेळ काही बोलले नाहीत, पटाशी दगडावर घासत बसले, पुढचं सगळं मी सांगत गेलो, हेटी, आर्थर, डायना, टेकडी, लग्न, मुलं. मला वाटलं आता विचारतील की त्यानं बरोबर केलं का.

म्हणाले, मंग त्या पोट्टीचं काय झालं?

म्हटलं कोणत्या, तिचंच तर लग्न झालं न ॲडमशी.

ते नाही बे. जिचं लेकरू होतं ते.

म्हटलं काही वर्षांनी सुटली, घरी परत येता येता वारली.

कोण आणाले गेलतं?

मी म्हटलं कुणीच नाही. तेवढ्यात लाइट आली, पंखा सुरू झाला आणि सगळा भुसा उडाला.